प्रतिज्ञा, व्यसन आणि दूरध्वनीवरील समुपदेशन

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्या लाखो अनुयायांना ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. पंचशीलातील पाचवे शील तेच सांगते. सिगालोवाद सुत्तात तथागतांनी एका तरुण गृहस्थाला मद्यपानाचे सहा दुष्परिणाम समजावून दिले आहेत : धननाश, कलह, रोग, अपकीर्ती, निर्लज्जता आणि बुद्धीचा ऱ्हास. पती-पत्नींची परस्परांविषयीची कर्तव्येही त्याच सुत्तात येतात. व्यसन आणि घरातील नातेसंबंध यांचा एकत्र विचार करण्याची दृष्टी आपणांस अशी वारशानेच मिळालेली आहे.

तरीही एक कटू वास्तव मान्य केले पाहिजे. ज्या समाजाने प्रतिज्ञा घेतली, त्या समाजात पिणारा माणूस अधिक लपून पितो आणि त्याचे घर अधिक लपवते. वंदनेला नियमित येणाऱ्या घरात दारू आहे हे कोणी कळू देत नाही. पत्नी अंगावरचे वळ पदराआड ठेवते, आई मुलाचे कर्ज गुपचूप फेडते. वसतिगृहातील एखादा मुलगा दिवाळीच्या सुट्टीत घरी जाण्यास का कां-कूं करतो, हे आम्हा शिक्षकांना त्याच्या तोंडून क्वचितच ऐकायला मिळते. प्रतिज्ञा माणसाला उभे करण्यासाठी दिली गेली. तिच्या धाकाने घरे मुकी होत असतील, तर आपण तिचा अर्थ अपुरा समजलो आहोत.

कायदा किती पुरा पडतो, हेही आपल्या महाराष्ट्राने पाहिले आहे. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. स्त्रियांनी मोर्चे काढून मिळवलेल्या या बंदीचे मोल मोठे आहे. परंतु दुकान बंद झाले तरी व्यसनी माणसाच्या शरीरातील ओढ बंद होत नाही. तिच्यासाठी उपचार लागतो.

व्यसन हा आजार आहे, ही गोष्ट आता कायद्यानेही मानली आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मधील मानसिक आजाराच्या व्याख्येत मद्य व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित अवस्थांचा समावेश आहे. त्याच कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. महाराष्ट्रात या उपचाराची वाट डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने रुळवली. औषध, समुपदेशन आणि कुटुंबाचा सहभाग ही तिन्ही अंगे एकत्र असावी लागतात, हे अशा केंद्रांच्या कार्यातून समाजाला उमगले.

परंतु केंद्राच्या पायऱ्या चढायला धैर्य लागते, प्रवासखर्च लागतो आणि मजुरी बुडते. याच ठिकाणी दूरध्वनीवरील व ऑनलाइन समुपदेशन उपयोगी पडते. केंद्र शासनाची ‘टेली-मानस’ सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य आणि मराठीतही बोलता येते. प्रथम प्रशिक्षित समुपदेशक ऐकून घेतो. गरज वाटल्यास मानसोपचारतज्ज्ञाशी अथवा जिल्ह्यातील आरोग्यसेवेशी जोडून देतो. व्यसनमुक्तीसाठी सामाजिक न्याय मंत्रालयाचा १४४४६ हा स्वतंत्र क्रमांक आहे.

समुपदेशक काय करतो, याविषयी आपल्याकडे गैरसमज आहेत. तो उपदेश करीत नाही आणि शपथ घालीत नाही. तो विचारतो : किती पिता, केव्हापासून, कोणत्या वेळी ओढ अनावर होते, पगाराच्या दिवशी काय घडते, सोडण्याचा प्रयत्न पूर्वी केला होता का. या उत्तरांतून माणसाला स्वतःच्या सवयीचा नकाशा दिसू लागतो. मग पुढच्या एका आठवड्यापुरते लहान उद्दिष्ट ठरते आणि पुन्हा बोलण्याचा दिवस ठरतो. मध्येच पाय घसरला तर सारे संपले असे तो मानत नाही. कशामुळे घसरला, ते शोधतो.

पिणारा बोलण्यास तयार नसला, तरी घरच्यांनी फोन करावा. कर्ज फेडणे, कामावर खोटा निरोप पाठवणे, रोज भांडणे यांपैकी काय थांबवायचे आणि काय करायचे, हे त्यांनाही शिकावे लागते. मद्यपींच्या कुटुंबीयांचे ‘अल-अॅनॉन’ हे परस्परसाहाय्याचे मंडळ १९५१ साली अमेरिकेत याच जाणिवेतून उभे राहिले.

या साधनाच्या मर्यादा मात्र प्रत्येक घराने जाणून घ्याव्यात. अनेक वर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने केवळ फोनवरील सल्ल्याने अथवा घरच्यांच्या दबावाने एकाएकी दारू तोडू नये. पहिल्या दोन दिवसांत त्याला झटके येऊ शकतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान भ्रम, तीव्र कंप आणि ताप येऊन जीवही जाऊ शकतो. अशा माणसाची दारू डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवावी. जाहिरात पाहून त्याच्या नकळत जेवणात औषध मिसळणे तर अत्यंत घातक आहे, कारण काही औषधे दारूशी संयोग पावून प्राणावर बेततात. कोणी आत्महत्येची भाषा करीत असेल, तर त्याला एकटे न सोडता तत्काळ रुग्णालयात न्यावे.

मारहाण होत असलेल्या घरात पती-पत्नींना एकत्र बसवून समेट घडवणे हा पहिला उपाय असू शकत नाही. पतीसमोर खरे बोललेली स्त्री रात्री त्याची किंमत मोजते. तिच्यासाठी १८१ ही महिला मदतवाहिनी, तातडीच्या प्रसंगी ११२ आणि कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा २००५ चा कायदा आहे. १९४२ साली नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी भगिनींना सांगितले होते की, पत्नीने पतीची मैत्रीण व बरोबरीची म्हणून उभे राहावे आणि दासी होण्यास नकार द्यावा. ‘दारूमुळे तसे वागतो, सहन कर’ हा सल्ला त्या शिकवणीत बसत नाही.

खासगी संकेतस्थळांवरील समुपदेशकाला त्याचे शिक्षण, शुल्क आणि आपले बोलणे गुप्त राहील का, हे आधीच विचारावे. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. ती पाहता येते. हमखास व्यसनमुक्तीची खात्री देणाऱ्यापासून दूर राहावे.

शेवटी एक साधी अडचण उरते. दोन खोल्यांच्या घरात, जेथे मोबाईलही एकच आणि तोही पतीच्या खिशात, तेथे स्त्रीने बोलावे कोठून? मुलाने वडिलांविषयी सांगावे कोणत्या कोपऱ्यातून? आमचे माजी विद्यार्थी आज ठिकठिकाणच्या विहारांच्या समित्यांवर आहेत. प्रत्येक विहारात, तसेच आपल्या या वसतिगृहातही, आठवड्यातून एक दिवस एक बंद दाराची खोली आणि एक दूरध्वनी उपलब्ध असावा, असे आम्ही सुचवतो. किल्ली एखाद्या विश्वासू भगिनीकडे असावी आणि आत कोण गेले याची नोंद कोणी ठेवू नये. भिंतीवर वर दिलेले चार क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहावेत. यासाठी फारसा निधी लागत नाही. येत्या वर्षावासापूर्वी हे सहज करता येईल.