किरायाचे घर सोडताना : ताबा, पावती आणि डिपॉझिट

खामगाव हे कापसाच्या बाजाराचे आणि चांदीच्या व्यापाराचे गाव. शिक्षणासाठी, नोकरीसाठी व कामधंद्यासाठी आसपासच्या खेड्यांतून आणि तालुक्यांतून येथे सतत माणसे येत असतात. जी. एस. कॉलेज, तंत्रनिकेतन, औद्योगिक प्रशिक्षण संस्था यांत शिकणारी आपली मुले-मुली दोन-तीन वर्षे किरायाच्या खोलीत राहतात. बदलीची नोकरी असलेली कुटुंबेही काही वर्षांनी घर बदलतात. खोली शोधताना आपण चार जणांना विचारतो, भाव ठरवतो. खोली सोडताना मात्र टेम्पोत सामान भरतो, शेजाऱ्याकडे किल्ली देतो आणि निघून जातो. पुढे डिपॉझिट मागायला गेले की भांडण सुरू होते. "भिंती खराब केल्या", "वीजबिल बाकी आहे", "तुम्ही सांगितल्याशिवाय गेलात" अशी उत्तरे मिळतात. दहा-पंधरा हजारांची रक्कम मजुरी करणाऱ्या बापाला लहान नसते. तरीही दोन-तीन खेटे झाले की पुष्कळ जण तिच्यावर पाणी सोडतात.

यात सगळे घरमालक वाईट आणि सगळे भाडेकरू भले, असे आम्ही मानत नाही. तीन महिन्यांचे भाडे बुडवून रातोरात जाणारे भाडेकरूही असतातच. आमचे सांगणे एवढेच की घर सोडणे म्हणजे सामान हलविणे नव्हे. घर सोडणे म्हणजे घराचा ताबा मालकाला परत देणे, आणि तो दिल्याचा पुरावा आपल्या हाती ठेवणे. हे काम नीट केले तर बहुतेक वाद उभेच राहत नाहीत. उभा राहिलाच तर आपली बाजू मांडता येते.

कोणता कायदा लागतो?

आपल्याकडील वडीलधारी मंडळी अजून "रेंट कंट्रोलरची परवानगी" हा शब्द वापरतात. ते जुन्या काळापुरते बरोबर होते. वऱ्हाड मध्यप्रांतात असतानाच्या 1946 च्या कायद्याखाली 1949 चा भाडे नियंत्रण आदेश निघाला होता. त्यानुसार भाडेकरूला काढण्याची नोटीस देण्यापूर्वी मालकाला भाडे नियंत्रकाची लेखी परवानगी घ्यावी लागे. आता ती व्यवस्था राहिलेली नाही. संपूर्ण राज्यासाठी केलेला महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 हा 31 मार्च 2000 पासून अमलात आला व जुने प्रादेशिक कायदे रद्द झाले. भाडे व ताबा यांविषयीचे दावे आता दिवाणी न्यायालयात चालतात.

या कायद्यातील दोन गोष्टी प्रत्येक सभासदाने लक्षात ठेवाव्यात.

पहिली गोष्ट कलम 55 ची. भाड्याचा करार लेखी असला पाहिजे व त्याची नोंदणी झाली पाहिजे. ही नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकावर टाकलेली आहे. नोंदणीकृत करार नसेल आणि वाद झाला, तर कोणत्या अटींवर घर दिले होते याबद्दल भाडेकरूचे म्हणणे, त्याच्या उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. म्हणून "तुझ्याकडे कागदच नाही, तू काय करणार?" असे कोणी म्हटले तर घाबरण्याचे कारण नाही. कागद करण्याचे काम त्याचे होते.

दुसरी गोष्ट पावतीची. मिळालेल्या भाड्याची लेखी पावती देणे मालकावर बंधनकारक आहे. पावती मिळत नसेल तर भाडे बँकेतून किंवा फोनवरून भरावे, म्हणजे तारीख व रक्कम यांची नोंद आपोआप राहते. रोख द्यावेच लागले तर वहीत सही घ्यावी.

आजकाल बहुतेक ठिकाणी अकरा महिन्यांचा 'लिव्ह अँड लायसन्स' करार करतात. त्यालाही नोंदणी लागते. सही करण्यापूर्वी त्यातील तीन कलमे वाचावीत : घर सोडण्याची सूचना किती दिवस आधी द्यायची, डिपॉझिट किती दिवसांत परत मिळणार आणि त्यातून कोणती रक्कम कापता येणार. डिपॉझिट परत करण्याचा दिवस करारात लिहून घेणे फार महत्त्वाचे आहे, कारण पुढची सगळी मागणी त्या तारखेवर उभी राहते. केंद्र सरकारने 2021 मध्ये मंजूर केलेल्या नमुना भाडेकरू कायद्यात राहत्या घराचे डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक नसावे असे म्हटले आहे. पण तो नमुना आहे. राज्याने तसा कायदा केल्याशिवाय तो कोणाला दाखवून उपयोग नाही.

सोडण्यापूर्वी काय करावे?

1) लेखी सूचना द्या. करारात एक महिना लिहिला असेल तर एक महिना. काहीच लिहिलेले नसेल व भाडे महिनेवारी असेल, तर मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 106 प्रमाणे पंधरा दिवसांची नोटीस लागते. ही नोटीस मालकाने भाडेकरूला द्यायची तशीच भाडेकरूने मालकालाही द्यायची असते. तोंडी सांगू नये. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर मालकाची सही घ्यावी. तो सही देत नसेल तर पोच मिळेल अशा रीतीने स्पीड पोस्टाने पाठवावे व पावती जपून ठेवावी.

2) शेवटचे भाडे डिपॉझिटमधून परस्पर वळवू नका. मालकाने तसे लिहून दिले असेल तर ठीक. नाहीतर तुमच्या नावावर थकबाकी दिसते आणि मालकाच्या हाती कारण मिळते.

3) वीज व पाणी यांचा हिशेब मिटवा. सोडण्याच्या दिवशीचे मीटरचे आकडे दोघांनी मिळून पाहावेत, लिहून ठेवावेत आणि फोटो काढावा. शेवटचे बिल नंतर येणार असेल तर आकड्यांवरून अंदाजे रक्कम ठरवून घ्यावी.

4) घर दोघांनी एकत्र पाहा. दारे, कड्या-कोयंडे, खिडक्यांच्या काचा, नळ, विजेचे बोर्ड, पंखे, संडास-न्हाणी हे एकेक करून पाहावे. खोली घेताना काढलेले फोटो असतील तर ते सोबत ठेवावेत. नसतील तर निदान पुढच्या घरी जाताना पहिल्याच दिवशी काढावेत.

काय कापता येते, काय नाही?

येथेच सर्वांत जास्त भांडणे होतात. 1882 च्या कायद्यातील कलम 108 मध्ये याचा नियम सांगितला आहे. भाडेकरूने घर जसे घेतले तसे परत द्यावे, मात्र नेहमीच्या वापराने होणारी झीज आणि माणसाच्या हाताबाहेरच्या कारणाने झालेले नुकसान यातून वगळले आहे. तीन वर्षांत रंग फिका पडणे, फरशी घासली जाणे, नळाचा वॉशर जाणे ही झीज होय. जोराच्या पावसाने छत गळून भिंतीला पोपडे आले तर तो भाडेकरूचा दोष नव्हे. खिडकीची काच फोडणे, दाराची फळी मोडणे, भिंतीत मोठे भगदाड पाडणे हे नुकसान होय, व त्याची भरपाई दिली पाहिजे. आपण स्वखर्चाने बसवलेला पंखा किंवा फळी ताबा देण्यापूर्वी काढून नेता येते. पण जागा पूर्वी होती तशी करून द्यावी लागते.

समजा डिपॉझिट 10,000 रुपये आहे. शेवटच्या वीजबिलाचे 640 रुपये आणि फुटलेल्या काचेचे 350 रुपये, मिळून 990 रुपये कापले जातील. उरलेले 9,010 रुपये परत मिळाले पाहिजेत. "रंगरंगोटीचे चार हजार" असे मोघम सांगितले तर बिल मागावे आणि ही रंगरंगोटी कशामुळे लागली ते विचारावे. करारातच रंगकामाची अट मान्य केली असेल तर मात्र ती पाळावी लागेल.

ताबेपावतीचा नमुना

किल्ली देताना पुढीलप्रमाणे कागद करून दोन प्रतींवर दोघांच्या व दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात.

"मौजे खामगाव येथील ........ या पत्त्यावरील घर/खोली मी भाड्याने घेतली होती. आज दिनांक ........ रोजी वेळ ........ वाजता सदर जागा रिकामी करून तिचा ताबा व ........ किल्ल्या मालकांस दिल्या. आजपर्यंतचे भाडे चुकते केले आहे. वीजमीटरचा आकडा ........ आहे. जागेत पुढील नुकसान आढळले : ........ (नसल्यास 'नाही' लिहावे). डिपॉझिट रुपये ........ पैकी रुपये ........ वजा जाता रुपये ........ मालक मला दिनांक ........ पर्यंत परत देतील."

हा कागद झाला की त्या तारखेपासून भाड्याची जबाबदारी संपल्याचे दाखवता येते. तो नसेल तर मालक सहा महिन्यांनी येऊनही "तुमचे कुलूप होते, तेवढे भाडे द्या" म्हणू शकतो. मालक किल्ली घेत नसेल तर शेजाऱ्याकडे टाकून जाऊ नये. अमुक दिवशी जागा रिकामी केली आहे व किल्ली घेण्यास यावे, असे पत्र लगेच पाठवावे आणि साक्षीदारांसमोर किल्ली देऊ केल्याची नोंद ठेवावी.

दोन चुका ज्या अंगाशी येतात

डिपॉझिट मिळेपर्यंत खोली सोडायचीच नाही, असा सल्ला पुष्कळ जण देतात. लिव्ह अँड लायसन्सच्या जागेत हा सल्ला महागात पडतो. 1999 च्या कायद्याच्या कलम 24 प्रमाणे मुदत संपल्यावर जागा न सोडणाऱ्याला ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागू शकते. म्हणून ताबा द्यावा, पावती घ्यावी आणि पैशाची मागणी वेगळी करावी.

दुसरी चूक मालकाची असते. थकबाकीसाठी भाडेकरूचे सामान किंवा शाळा-कॉलेजचे कागद अडकवून ठेवण्याचा अधिकार मालकाला नाही. त्याने पैशासाठी न्यायालयात जावे. पाणी अगर वीज तोडून भाडेकरूला घालवणे यास कलम 29 ने मनाई केली आहे. कायदेशीर मार्गाशिवाय कोणाला जागेतून काढले तर विशिष्ट अनुतोष अधिनियम, 1963 च्या कलम 6 खाली सहा महिन्यांच्या आत ताबा परत मिळण्यासाठी दावा करता येतो.

हुसकावले जाणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला सांगायला नको. 1917 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोद्याच्या नोकरीवर रुजू झाले तेव्हा त्यांना राहायला जागा मिळाली नाही. ते एका पारशी धर्मशाळेत भाडे देऊन राहिले. जात कळताच काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना ती जागा सोडायला लावली. परदेशात शिकून आलेल्या माणसाला त्या दिवशी दाद मागायला जागा नव्हती. आज ती आहे. घर सोडण्याच्या वादात जातीवरून शिवीगाळ किंवा मारहाण झाली, तर तो नुसता भाड्याचा वाद राहत नाही. 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली पोलीस ठाण्यात फिर्याद देता येते. मात्र साध्या पैशाच्या वादाला हा रंग देऊ नये. त्याने खऱ्या फिर्यादींचे वजन कमी होते.

पैसे मिळाले नाहीत तर

ठरलेला दिवस उलटला की प्रथम शांतपणे भेटावे. सोबत एखादे वडीलधारे माणूस न्यावे. आवाज चढवू नये. त्यानंतर लेखी मागणी करावी : किती रक्कम, कोणत्या कागदाप्रमाणे, किती दिवसांत. पंधरा दिवसांची मुदत पुरेशी आहे. पुष्कळ प्रकरणे या पत्रावरच मिटतात.

नाहीच मिटले तर तालुका विधी सेवा समितीकडे जावे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 12 प्रमाणे अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना, तसेच स्त्रियांना, उत्पन्न किती आहे हे न पाहता मोफत वकील मिळतो. 1990 च्या दुरुस्तीनंतर बौद्ध धर्म स्वीकारलेल्यांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे, म्हणून जातीचे प्रमाणपत्र असलेल्या आपल्या विद्यार्थ्यांना ही मदत हक्काने मिळते. अर्जाला पैसे लागत नाहीत. माहितीसाठी 15100 हा क्रमांक आहे. दावा दाखल करण्यापूर्वीही प्रकरण लोकअदालतीत ठेवता येते. तेथे दोघांच्या संमतीने झालेली तडजोड न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकीच बंधनकारक असते व तिच्यावर अपील नाही. म्हणून सही करण्यापूर्वी आकडा नीट वाचावा.

शेवटचा मार्ग दिवाणी दाव्याचा. पैशाच्या मागणीला साधारणपणे तीन वर्षांची मुदत असते. "नंतर पाहू" म्हणत दिवस घालवू नयेत. फोनमधील फोटो व संदेश पुरावा म्हणून द्यायचे असल्यास भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते. त्यासाठी मूळ फोन आणि मूळ फोटो जपून ठेवावेत.

सभासद बंधू-भगिनींना आमची विनंती आहे की या लेखातील ताबेपावतीचा नमुना उतरवून घरात ठेवावा. ज्यांची मुले बाहेरगावी शिकतात त्यांनी तो मुलांना पाठवावा. आपल्यापैकी ज्यांनी स्वतःची घरे बांधून खोल्या भाड्याने दिल्या आहेत, त्यांनी हाच कागद आपल्या भाडेकरूला आपणहून द्यावा आणि डिपॉझिट ठरल्या दिवशी परत करावे.