कास्टेल कॉख: न येणाऱ्या शत्रूसाठी सज्ज असलेला रहाट

वेल्समधील कार्डिफ शहराच्या उत्तरेस, टॅफ नदीच्या खोऱ्यावरील दाट झाडीच्या उतारावर कास्टेल कॉख हा तीन गोल बुरुजांचा किल्ला उभा आहे. तेराव्या शतकात गिल्बर्ट द क्लेअर या सरंजामदाराने बांधलेला मूळ किल्ला बहुधा 1314च्या वेल्श उठावात उद्ध्वस्त झाला. पुढे कोळसा आणि गोदी यांच्या उत्पन्नावर गडगंज झालेल्या ब्यूटच्या तिसऱ्या मार्क्विसने 1875मध्ये त्याच्या अवशेषांवर पुनर्बांधणी सुरू केली. मुंबईच्या कलाशाळेसाठी 1866मध्ये केलेला ज्याचा आराखडा कागदावरच राहिला, त्या विल्यम बर्जेस या वास्तुविशारदाकडे हे काम होते.

मध्ययुगीन युरोपातील वास्तुरूपे एकोणिसाव्या शतकात नव्याने योजणारी जी नवगॉथिक शैली मुंबईकरांना बोरीबंदरमुळे परिचित आहे, तिचेच हे एक हट्टी रूप होय. बुरुजांवरील शंकूच्या आकाराच्या छपरांना त्या काळच्या ब्रिटिश किल्ल्यांत फारसा आधार सापडत नाही. बर्जेसने युरोप खंडातील दाखले पुढे केले खरे, परंतु छपरे देखणी दिसतात हेही त्याने लपवले नाही.

याउलट प्रवेशद्वारावरील रहाटाची खोली पाहता विद्वत्तेची जागा निव्वळ निष्ठेने घेतलेली दिसते. दोर गुंडाळणाऱ्या आडव्या दांड्याने, म्हणजे रहाटाने, खंदकावरचा पूल उचलण्याची यंत्रणा येथे केवळ दाखवण्यापुरती नसून प्रत्यक्ष चालणारी आहे, आणि हल्लेखोरांवर उकळते तेल ओतण्यासाठी छिद्रेही ठेवलेली आहेत. आगगाडीच्या युगात अशा यंत्रणेचा उपयोग काय, असा प्रश्न बर्जेसला पडला नसावा, आणि तेच या वास्तूचे खरे आकर्षण आहे. बर्जेस 1881मध्ये वारला. अंतर्गत सजावट सहकाऱ्यांनी 1891पर्यंत पूर्ण केली, पण ब्यूट कुटुंब येथे क्वचितच राहिले.

प्रत्यक्षात आलेला शत्रू म्हणजे पाऊस. धुराड्यांतून व दगडांच्या सांध्यांतून झिरपणारे पाणी जाड भिंतींत मुरते, आणि त्यातील क्षार पृष्ठभागावर येऊन रंगवलेला गिलावा फुगवतात. सांध्यांत सिमेंट भरल्यास ओल आतच कोंडते, म्हणून बाष्प बाहेर जाऊ देणारा चुना वापरावा लागतो. वेल्सच्या वारसावास्तूंची देखभाल करणाऱ्या कॅडू या संस्थेला येथील धुराडी दुरुस्त करावी लागली, ती याच कारणाने. मात्र गळती थांबली तरी इतक्या जाडीची भिंत सावकाश वाळते, आणि ती वाळेपर्यंत आतील चित्रांच्या दुरुस्तीची घाई करता येत नाही.