खंडोबाचे कुत्रे

हिंदू देवांची वाहने सांगताना गणपतीचा उंदीर, विष्णूचा गरुड, शंकराचा नंदी ही नावे ओघाने येतात. पण प्राण्याचे देवाशी असलेले नाते केवळ बसण्यापुरते नाही, हे जितके जेजुरीच्या खंडोबाच्या उपासनेत दिसते तितके क्वचितच इतरत्र दिसते. देव्हाऱ्यातील टाकावर, म्हणजे धातूच्या पत्र्यावर उठवलेल्या देवप्रतिमेवर, घोड्यावर स्वार झालेले खंडोबा आणि त्याची पत्नी म्हाळसा असतात आणि घोड्याच्या पायांशी बहुधा कुत्रे असते. घोड्याचा खुलासा कथेतच आहे: खंडोबाने मारलेल्या मणी आणि मल्ल या दैत्यबंधूंपैकी मणी मरताना शरण आला आणि त्याने आपला पांढरा घोडा देवाला अर्पण केला.

कुत्र्याचे मूळ मात्र फार मागे जाते. धर्मशास्त्राने कुत्र्याला अशुचि, म्हणजे स्पर्शास अयोग्य ठरवले, तरी त्याहून जुन्या यजुर्वेदातील रुद्राध्यायात रुद्राला श्वपती, म्हणजे कुत्र्यांचा स्वामी, म्हणून वंदन आहे. पुढे भैरवाचे वाहन कुत्राच झाला आणि खंडोबा तर मार्तंडभैरव म्हणूनच ओळखला जातो. धनगरांसारख्या मेंढपाळांच्या या देवाजवळ कळपाचा राखणदार असावा, यात नवल नाही. नवल आहे ते भक्ताने स्वतः कुत्रा होण्यात. खंडोबाला वाहिलेला वाघ्या, ज्याचे नाव वाघावरून आले असले तरी जो स्वतःला देवाचे कुत्रे म्हणवतो, तो काही विधींत भुंकत कोटंब्याला, म्हणजे आपल्या भिक्षापात्राला, तोंड लावतो. पाहणाऱ्याला हे विचित्र वाटेल, पण मालकाचे दार न सोडणाऱ्या निष्ठेचे याहून थेट रूप शोधूनही सापडणार नाही. मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, चंपाषष्ठीला, वांग्याचे भरीत आणि रोडग्याचा नैवेद्य होतो, तेव्हा घरोघरी कुत्र्यासाठीही घास काढला जातो.

पूज्य आणि उपयोगी यांत या देवाच्या दारी फारसे अंतर उरत नाही. पौष पौर्णिमेच्या यात्रेत जेजुरीला गाढवांचा बाजार भरतो. वैदू, बेलदार, वडार, कैकाडी अशा भटक्या जमातींचे लोक तेथे देवदर्शनही करतात आणि जनावराचे दात पाहून सौदाही ठरवतात.