आवाजाला जामीन कोण?

१९९३ मध्ये दर रविवारी सकाळी घराघरांतून एक गुरगुर ऐकू येई. दूरदर्शनवर 'द जंगल बुक' ही जपानमध्ये बनलेली मालिका हिंदीतून लागे आणि शेरखानने तोंड उघडले की मोठी माणसे म्हणत, 'अरे, हा तर नाना पाटेकर!' त्याच वर्षी महेश कोठारे यांच्या 'झपाटलेला'तला तात्या विंचू आला. बाहुला घडवला रामदास पाध्ये यांनी, आवाज दिलीप प्रभावळकरांचा. पुढे २०१३ मध्ये 'झपाटलेला २' आला, तेव्हाही तात्याच्या पाठीशी प्रभावळकरच होते. २०१६ मध्ये डिस्नेने 'द जंगल बुक' नव्याने काढला आणि हिंदी आवृत्तीत शेरखान म्हणून पुन्हा नानाच गुरगुरले.

वाचकहो, मधल्या जवळजवळ दोन तपांत एवढ्या मोठ्या मुंबईत दुसरा घसा सापडला नसेल का? सापडला असता. पण कोणी शोधला नाही. आणि खरे सांगायचे तर आपल्यालाही तो नको होता.

बाहुला असो की कार्टून, ओळखीच्या आवाजाचा हा लळा जगभर आहे. माझी नात 'छोटा भीम' पाहता पाहता एकदा म्हणाली, "आबा, हा डोरेमॉनसारखा का बोलतो?" पोरीचा कान तिखट. हिंदीत या दोन्ही पात्रांना सोनल कौशल यांनी आवाज दिला आहे. तिकडे अमेरिकेत पिक्सार कंपनीने १९९५ च्या 'टॉय स्टोरी'त जॉन रॅट्झनबर्गर यांना हॅम नावाच्या डुकराचा आवाज दिला. हा हॅम म्हणजे पैसे साठवायचा गल्ला, त्यामुळे माझ्यासारख्या बँकवाल्याला तो विशेष जवळचा! पुढे वीसहून अधिक वर्षे चित्रपटामागून चित्रपटात कंपनीने त्यांच्यासाठी एखादी तरी भूमिका राखून ठेवली. डिस्नेने अॅलन ट्युडिक यांना असेच धरून ठेवले. २०१६ च्या 'मोआना'त तर त्यांच्याकडून नुसता कोंबडा कोकलवून घेतला.

असे का होते, हे बँकेत उमेदीची वर्षे घालवलेल्या माणसाला चटकन कळते. कर्ज मागायला दोघे आले, एक नियमित हप्ते फेडलेला जुना कर्जदार आणि दुसरा हुशार पण नवखा, तर शाखाधिकाऱ्याचे पेन कोणाच्या अर्जावर आधी उघडते? स्टुडिओचेही तसेच. भाषांतरित कार्टूनमध्ये ओठांची हालचाल आधीच ठरलेली असते. कानाला हेडफोन लावून, पडद्याकडे बघत, वाक्य नेमके तेवढ्याच क्षणांत बसवावे लागते. स्टुडिओचे भाडे तासावर चालू असते आणि भाग ठरल्या दिवशी वाहिनीकडे जायचा असतो. जो दोन प्रयत्नांत वाक्य बसवतो आणि गरज पडली तर शेजारचा म्हातारा आणि मांजरही करून देतो, त्यालाच फोन जातो. शिवाय पात्राचा आवाज बदलला की पोरे लगेच रुसतात. जपानमध्ये नोबुयो ओयामा यांनी १९७९ पासून २००५ पर्यंत, म्हणजे सव्वीस वर्षे, डोरेमॉन बोलता ठेवला तो काय उगाच?

तेव्हा जुन्याला पुन्हा बोलावणे हा काही गुन्हा नव्हे. प्रश्न आहे तो नवख्याचा. आमच्या नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत गेटवर उभ्या राहिलेल्या पोराला ठेकेदार विचारतो, "अनुभव आहे का?" अरे बाबा, काम दिल्याशिवाय अनुभव यायचा कुठून? आवाजाच्या धंद्यातही पहिल्या संधीला जामीन लागतो, आणि तो मुंबईत राहणाऱ्याला, ओळखीपाळखी असणाऱ्याला लवकर मिळतो.

त्यातून मिळालेल्या कामालाही नाव असतेच असे नाही. बग्ज बनी, डॅफी डक, पोर्की पिग ही सारी मंडळी मेल ब्लँक या एकाच माणसाच्या घशातून बोलत. १९४० च्या दशकात करार करून त्यांनी पडद्यावर आपले नाव मिळवले. पण एल्मर फड या शिकाऱ्याचा आवाज होते आर्थर क्यू. ब्रायन. १९५९ मध्ये ते वारले. तोवर पडद्यावर नाव झळकत राहिले ते ब्लँक यांचेच.

आता या व्यवहारात तिसराच गडी शिरला आहे. यंत्राला आवाजाचा नमुना ऐकवला की ते त्याच आवाजात हवे ते बोलते. २०२४ मध्ये गायक अरिजित सिंग यांच्या दाव्यात मुंबई उच्च न्यायालयाने अशा परवानगीविना नकलेला अंतरिम मनाई केली. हे उत्तमच झाले. पण तासावर काम करणाऱ्या, नाव नसलेल्या कलावंताने कोणत्या पायरीवर जायचे? एकाच आवाजाची सवय लागलेल्या धंद्याला पुढचा मोह हाच होणार, की आवाज तोच ठेवावा आणि माणूस मात्र वगळावा! तसे झाले तर नव्यांचे दार बंद होईलच, पण जुन्यांचीही खुर्ची जाईल.

बँकेत आम्ही मोठ्या कर्जांबरोबर लहान कर्जांचाही वाटा ठेवत असू. स्टुडिओंनीही शेरखान नानांकडे जरूर ठेवावा. पण कळपातले लांडगे, बाजारातली गर्दी, दारावरचा पोस्टमन एवढे तरी नव्या पोरांना द्यावे. आणि आपण? कार्टून संपून नावांची यादी सुरू झाली की रिमोट जरा खाली ठेवू या. नातवंडांना विचारू या, यातले ओळखीचे नाव कोणते? आणि मग दुसरा प्रश्न: नवे कोणते?