चौदा वर्षांखालील मुलांस मनाई

मे महिना. संध्याकाळचे सहा वाजत आलेत, तरी लोखंडी सीट अजून चटका देतेय. लेग प्रेसवर टेकलेल्या काकू झटकन उठतात, ओढणीची घडी खाली घालतात आणि पुन्हा बसतात.

नाशिकच्या इंदिरानगर भागातली ही कॉलनी. लेआउट मंजूर होताना नियमाप्रमाणे दहा टक्के जागा मोकळी सुटलेली. इतकी वर्षं तिथे गाजरगवत, मंडपवाल्याचे बांबू आणि पोरांचं क्रिकेट. आता कुंपण आहे, फाटक आहे, पेव्हर ब्लॉकचा ट्रॅक आहे. एका बाजूला झोके-घसरगुंडी, दुसऱ्या बाजूला ओपन जिम. फाटकावरच्या फलकावर नेत्यांचे चेहरे मोठे आणि सूचना बारीक. त्यातली एक म्हणते की चौदा वर्षांखालच्या मुलांनी व्यायामाची उपकरणं वापरू नयेत. अर्थातच एअर वॉकरवर या घडीला सात-आठ वर्षांच्या दोन पोरी आहेत. एकाच पायपट्टीवर दोघी उभ्या राहून तिचा झोका करतायत. खऱ्या झोक्यापाशी रांग आहे, इथे नाही.

कॉलेजातली दोन पोरं चेस्ट प्रेसला फेरी मारून बघतात.

"ए भो, ह्याला प्लेटा कुठं लावायच्या?"

प्लेटा नाहीतच. दांडा ढकलला की सीटसकट आपणच वर उचलले जातो. वजन ज्याचं त्याचं. हडकुळ्या पोराला ते फारच हलकं जातं. तो नाक मुरडून पुलअपच्या बारकडे वळतो. मित्र मोठ्याने आकडे म्हणतो. सहाव्याला पाय झाडायला लागतात, सातवा मित्र उदारपणे मोजतो.

माझं लक्ष मात्र ट्विस्टरकडे. गोल मांडणी, तीन चकत्या, मधल्या दांड्याला धरून उभ्या तिघी एकमेकींसमोर. कंबर वळवणं केव्हाच थांबलंय. कुणाच्या तरी जावेने कैऱ्या पाठवल्यात, लोणचं यंदा कुणाकडे एकत्र घालायचं यावर खल चाललाय. कोपऱ्यावरच्या टपरीपाशी पुरुषांचा कट्टा रात्री अकरापर्यंत भरतो, त्यांना कुणी काही विचारत नाही. बाईला नुसतं बाहेर थांबायचं तर कारण लागतं: भाजी, देऊळ, पोराची शिकवणी. 'जिमला जाऊन येते' हे नवं कारण घरोघर खपतंय. हिशोबात हे व्यायामाचं साहित्य असेल. मला तरी हा बायकांचा पहिला कट्टा दिसतो, आणि खर्च इथेच वसूल झाला.

मुलांच्या बाजूला जमिनीपासून वीतभर उंचीची एक अरुंद पट्टी आहे, तोल सांभाळत चालायची. नात पुढे, आजी मागे. आजींच्या चपला खाली काढून ठेवलेल्या, एका हातात नऊवारीचा काठ, दुसरा हात नातीच्या खांद्यावर. पासष्टीपुढच्यांनी आठवड्यातून किमान तीन दिवस तोलाचे व्यायाम करावेत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ही पट्टी बसवणाऱ्याच्या ते मनातही नसणार, नाहीतर धरायला एक कठडा दिला असता.

"आजी, खाली नको बघू, पडशील."

"तू गप पुढे बघ."

क्रिकेटवाल्यांचं मात्र नुकसान झालंय. पूर्वीच्या पिचवरून आता ट्रॅक जातो आणि लाँगऑनला रोइंगचं मशीन उभं आहे. तरी पोरं आलीच आहेत, घसरगुंडी आणि कुंपणामधल्या पट्ट्यात, प्लास्टिकचा बॉल घेऊन. खेळ सुरू होण्याआधी नियमांवर हुज्जत. बॅट ज्याची त्याचाच आवाज मोठा.

"मशीनला लागला तर टू डी. कुंपणाबाहेर गेला तर आउट. आजींना लागला तर…" तो थबकतो.

पट्टीवरून आजी न वळताच सांगतात, "मला लागला तर बॉल मिळणार नाही."

"आजींना लागला तर आउट," बॅटवाला जाहीर करतो आणि गार्ड घेतो.