दांतांवरील लेख

जुन्नरच्या लेण्यांत शिलालेख आहेत. दांतांवरही लेख असतो. आंबेगांव तालुक्यांत उगम पावणाऱ्या घोड नदीच्या कांठीं, इनामगांवीं, डेक्कन कॉलेजानें १९६८ ते १९८३ पर्यंत उत्खनन केलें. तेथें सुमारें ३,००० वर्षांपूर्वींच्या बालकांच्या दुधाच्या दांतांवर खळगे आढळले. संशोधक त्यांचा संबंध कुपोषणाशीं जोडतात.

दंतवल्क, म्हणजे दांताचें कठीण कवच, मुख्यतः कॅल्शियमच्या क्षारांचें असतें. तें घडविणाऱ्या पेशींत कॅल्शियम मोकळें सांचल्यास पेशी मरते. म्हणून कांहीं प्रथिनें दार राखितात, कांहीं तें कोठारांत भरितात. स्टिम-१ किंवा ओराय-१ हीं प्रथिनें सदोष असल्यास दंतवल्क मऊ राहतें. दांत उगवतांच या पेशी नाहींशा होतात; कवच पुन्हां घडत नाहीं.

दुधाच्या दांतांची घडण मातेच्या उदरांतच सुरू होते. सबब पालकहो, तिच्या ताटांतील दूध व नाचणी विसरूं नका.