दूध तोडण्याआधी

कुपोषित बाळाला पंधरवडाभर जुलाब होत असले की घरात कुणीतरी निकाल देतं, 'दूध बाधतंय, बंद करा.' त्यात वरच्या दुधासोबत अंगावरचंही तोडलं जातं, आणि घात होतो तो इथेच. आईच्या दुधात 100 मिलिलिटरला सुमारे 7 ग्रॅम लॅक्टोज (दुधातली साखर), म्हणजे गाईच्या दुधापेक्षा जास्त. तरीही 14 दिवसांहून लांबलेल्या जुलाबांत स्तनपान चालूच ठेवा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

बाळाला जन्मभर दूध वर्ज्य, हेही खरं नाही. लॅक्टोज फोडणारं लॅक्टेज लहान आतड्याच्या अंकुरांच्या टोकाशी असतं. जुलाब आणि कुपोषणाने ही टोकं झिजतात. अस्तर भरून आलं की लॅक्टेजही परततं, फक्त सावकाश. जन्मजात अभाव फारच दुर्मीळ.

'शी तपासली की कळेलच' हा समज जास्त फसवा, कारण तो अर्धा खरा आहे. न पचलेलं लॅक्टोज मोठ्या आतड्यातले जिवाणू आंबवतात. त्यामुळे शी आंबट वासाची, फेसाळ होते, ढुंगण लाल होतं. शीचा पीएच 5.5 च्या खाली आणि साखर 0.5 टक्के किंवा अधिक असेल, तर संशय बळावतो. ही साखर बेनेडिक्ट द्रावणाने कळते: तापवल्यावर निळा रंग हिरवा, पिवळा, शेवटी विटकरी होतो. पण साखर असते शीच्या पाण्यात, आणि ते डायपरने केव्हाच शोषलेलं असतं. उरलेला गोळा खरवडून तपासला तर उत्तर चुकणारच. नमुना तासन्‌तास पडून राहिला तर जिवाणू साखर संपवतात. उलट, फक्त अंगावर पिणाऱ्या धडधाकट बाळाची शीही आम्लधर्मी असते, तिच्यात साखरही सापडते. तिथे कागदावरच्या 'पॉझिटिव्ह'ला घाबरायचं कारण नाही.

मग जिवाणूंच्या आंबवण्यातून श्वासात येणारा हायड्रोजन मोजावा? लॅक्टोज पाजल्यावर तो 20 पीपीएमने वाढला तर अपचन धरतात. पण अँटिबायोटिकने जिवाणू मेले असतील तर हायड्रोजन वाढतच नाही. कुपोषणात लहान आतड्यातच जिवाणू माजले असतील, तर लॅक्टोज पचत असूनही तो वाढतो. शिवाय तपासणीसाठी पाजलेल्या लॅक्टोजनेच जुलाब वाढू शकतात.

म्हणून रुग्णालयात बऱ्याचदा आहारच तपासणीचं काम करतो. सहा महिन्यांवरच्या बाळाला वरचं दूध भातात किंवा पेजेत मिसळून, रोजचं लॅक्टोज किलोमागे 3.7 ग्रॅमच्या आत ठेवून देतात. जुलाब पुन्हा दिवसाला दहाच्या वर गेले किंवा सात दिवसांत वजन चढलं नाही, तर काही काळ वरचं दूध थांबवून भात, तेल, अंडं किंवा कोंबडी. अंगावरचं दूध तेव्हाही सुरूच असतं.